कानशिलावरची कॅप्सूल

१

प्रत्येक रुग्णाच्या उजव्या कानशिलावर माशाच्या तेलाची एक कॅप्सूल चिकटवायची, असा त्या विभागाचा नियम होता. कागदी चिकटपट्टीचा बोटभर तुकडा फाडायचा, कॅप्सूल त्याच्या मधोमध ठेवायची आणि भुवईच्या टोकापासून अंगठाभर मागे दाबून बसवायची. मेंदूच्या चित्राला स्वतःचं उजवं-डावं ठाऊक नसतं. संगणकात ते उलटं झालं तरी तितकंच नीटनेटकं दिसतं आणि पाहणाऱ्याला संशयही येत नाही. तेल मात्र चित्रात दिव्यासारखं चमकतं. दिवा ज्या अंगाला, ते अंग उजवं. त्या अवाढव्य यंत्राच्या खरेपणाची सगळी मदार अशी थेंबभर तेलावर होती.

थोरली हे काम चौदा वर्षं करत होती. घरात दोघी बहिणींपैकी ती थोरली, आणि विभागात सगळ्यांची ताई. तिच्या जोडीला आणखी एक टेक्निशियन असे. यंत्राच्या प्रत्येक आवाजाचा सूर त्याला पाठ होता आणि तो दिवसभर नाकातल्या नाकात गुणगुणत असे, म्हणून त्याला सगळे गुणगुण्या म्हणत. त्याला त्याचा राग नव्हता. रागावण्याइतकं गुणगुणणं थांबवणंच त्याला जमत नसे.

संशोधन विभागप्रमुख सरांचं होतं. आजार असा, की शरीराची राखण करणारी फौजच एके दिवशी घरच्यांना ओळखेनाशी होते आणि मेंदूतल्या तंतूंवरचं वेष्टन परकं समजून कुरतडू लागते. कुरतडलेल्या जागी चित्रात पांढरा डाग उमटतो. सरांना डागांपेक्षा त्यापुढच्या गोष्टीचं कुतूहल होतं: वाट बंद झाल्यावर मेंदू करतो काय? रुग्णाला यंत्राच्या नळीत झोपवून बोटं हलवायला सांगायची आणि त्या वेळी मेंदूचा कोणता भाग कामाला लागतो ते टिपायचं, अशी त्यांची पद्धत. "हमरस्ता बंद झाला की मेंदू शेजाऱ्याच्या अंगणातून वाट काढतो," हे त्यांचं आवडतं वाक्य.

याच अभ्यासात एक नवं औषध दिलं जात होतं. सतरा क्रमांकाची रुग्ण ही थोरलीची धाकटी बहीण होती. आईवडील गेल्यापासून दोघी तिसऱ्या मजल्यावरच्या दोन खोल्यांत एकत्र राहत. धाकटीचा उजवा हात वर्षभरापासून लुळा पडत चालला होता. रोज सकाळी तिच्या सदऱ्याची बटणं थोरलीच लावून देई.

२

पहिल्या तपासणीच्या दिवशी थोरलीने नियमाप्रमाणे सारं केलं. डाव्या दंडात सुई टोचली, कारण शेवटी तिथून एक द्रव्य सोडावं लागे. उजव्या कानशिलावर कॅप्सूल लावली. डोकं स्थिर ठेवणारा पिंजरा तोंडावर बसवला आणि डोळ्यांवरच्या छोट्या आरशाचा कोन नीट केला, म्हणजे नळीत आडव्या पडलेल्या माणसाला पायांपलीकडची काच आणि काचेआड बसलेली माणसं दिसतात. शेवटी सुई नसलेल्या हातात रबरी फुगा दिला.

"घाबरलीस तर हा दाब. आमच्याकडे तांबडा दिवा लागेल. लगेच बाहेर काढू."

ही वाक्यं तिने हजारांना ऐकवली होती. हजारो मुठींत असाच फुगा ठेवला होता. सवय ही अशी, की हात ज्या वळणाने जायचा त्याच वळणाने गेला. तो धाकटीचा उजवा हात आहे, ज्याच्यापायी सदऱ्याची बटणं आपण सकाळीच लावून दिली आहेत, हे तिच्या मनाला शिवलंही नाही.

पहिली दहा मिनिटं ठीक गेली. मेंदूच्या रचनेची चित्रं स्वच्छ आली. अकरा डाग होते. मग बोटांची पाळी आली. प्रत्येक रुग्णाला तेच शब्द ऐकू गेले पाहिजेत म्हणून सरांनी वाक्यं छापूनच दिली होती. थोरली माइकवर म्हणाली, "उजव्या हाताची बोटं. अंगठ्याला एकेक टेकवा." तीस सेकंदांनी म्हणाली, "छान. आता विश्रांती."

पडद्यावरचं चित्र थरथरत होतं. "हलू नकोस, धाकटे," ती म्हणाली. "काही होत नाही." काचेपलीकडे नळीतून फक्त दोन पाय दिसत होते आणि ते घासले जात होते. तिने तीन वेळा समजावलं, चौथ्यांदा आवाज चढवला. लहानपणापासून हिचं हे असंच, दवाखाना म्हटला की नाटक. वीस मिनिटांचा भाग तिने पुरा करून घेतला. तांबडा दिवा लागला नव्हता.

टेबल बाहेर आलं तेव्हा धाकटीचे केस कानांपर्यंत ओले होते. तळहात उघडा होता आणि त्यावर फुगा जसाच्या तसा पडलेला होता.

"मी दाबत होते," ती म्हणाली.

"दिवा लागला नाही गं."

"मी दाबत होते, ताई. वीस मिनिटं. आणि तू मला आरशात दिसत होतीस."

थोरलीने फुगा उचलला. काय झालं ते तिला तेव्हा उमजलं. क्षमा मागायला तोंड उघडलं, तोवर धाकटीने मान भिंतीकडे फिरवली होती.

३

दुपारी सरांचा निरोप आला. बोटांचा भाग वाया गेला आहे. संध्याकाळपर्यंत तो पुरा झाला नाही तर सतरा क्रमांक रद्द होईल आणि उद्याचं औषध प्रतीक्षायादीतल्या पुढच्या रुग्णाला जाईल. औषध गेलं तर धाकटीच्या वाट्याला काय येईल हे थोरलीला कुणी सांगायला नको होतं. वर्षभरात चाकाची खुर्ची येईल, आणि त्यापुढचं विभागाबाहेरच्या व्हरांड्यातून रोज तिच्या डोळ्यांदेखत स्ट्रेचरवर ढकलत नेलं जात असे.

"फक्त वीस मिनिटं," तिने धाकटीला विनवलं. "फुगा डाव्या हातात देते."

"पुन्हा त्या नळीत? तूच जा."

"धाकटे, औषध जाईल."

"मग माझ्या जागी तूच जा. तिथे पडल्यावर कसं वाटतं तेही कळेल."

थोरली गेली. गुणगुण्याने खुर्चीत बसून सतरा क्रमांकाचं पान उघडलं, एवढंच म्हणाला, "मी काही पाहिलेलं नाही, ताई," आणि सूर धरला. यंत्राच्या चाचणीसाठी कर्मचारी स्वतःच नळीत झोपत, त्यामुळे तिला आतलं नवं नव्हतं. आपला मेंदूही तिला चेहऱ्यासारखा ओळखीचा होता. त्याच्या डाव्या अंगाला जन्मापासून पाण्याची एक निरुपद्रवी पुटकुळी होती. गुणगुण्या तिला ताईंचा वाटाणा म्हणत असे.

कॅप्सूल तिने हात धुण्याच्या बेसिनवरच्या आरशात पाहून घाईघाईने लावली. मोजे सापडेनात, तशीच अनवाणी झोपली. आपली बोटं ठणठणीत आहेत हे चित्रात उघडं पडू नये म्हणून ती बोटं जड करून, अडखळत, धाकटीसारखी हलवू लागली. वर्षभर रोज पाहिलेल्या त्या हाताची नक्कल तिला फारच चांगली साधली. इतकी, की बाहेर आल्यावर पट्टी काढताना बोटं सरळ व्हायला क्षण लागला.

पट्टी डाव्या कानशिलावर होती. आरशाने चकवलं होतं.

आता पुन्हा करायला वेळ नव्हता. संगणकाने तिच्या मेंदूची हालचाल सतरा क्रमांकाच्या रचनेवर बसवायला घेतली. दोन मेंदूंचे आकार जुळत नव्हते. तो ते ओढून, ताणून, कडा दाबून बसवत राहिला, आणि शेवटी पडद्यावर हिरवी खूण आली. बसलं.

दुसऱ्या दिवशी सर हरखून गेले. डावीकडच्या दिव्यामुळे चित्र उलटं आलं आहे, असं त्यांच्या संगणकाने ठरवलं होतं आणि आपणहून ते फिरवलं होतं. त्यामुळे उजव्या हाताची बोटं हलवताना मेंदूचा भलताच अर्धा कामाला लागलेला दिसत होता. "पाहा," ते सर्वांना बोलावून म्हणाले, "ही शेजाऱ्याच्या अंगणातली वाट. इतकी स्पष्ट मी आजवर पाहिली नाही."

थोरलीने पलीकडच्या खोलीत पाहिलं. धाकटीच्या दंडात औषधाचा पहिला थेंब उतरत होता.

४

तीन महिन्यांनी दुसरी तपासणी झाली. या वेळी थोरलीने काटेकोरपणा केला. कॅप्सूल धाकटीच्या उजव्या कानशिलावर लावली, गुणगुण्याला दाखवली, वर मोठ्याने म्हणाली, "उजवं."

"उजवं," गुणगुण्या म्हणाला.

"पाठांतर झालं असेल तर आत ढकला," धाकटी म्हणाली.

ती हलली नाही. बोटं घड्याळासारखी चालली. रचनेच्या चित्रांत दिवा उजवीकडे होता. बोटांच्या चित्रांत तो डावीकडे होता.

मधे दहा मिनिटं गेली होती. टेबल बाहेर आलं नव्हतं, पिंजरा उघडला नव्हता. थोरली उठून आत गेली. धाकटी नळीत होती तशी होती आणि पट्टी उजव्या कानशिलावर होती.

बुद्धी अशा वेळी हातात येईल त्या खुंटीला धरते. पान जुनं उघडलं असेल. संगणकाने मागच्या वेळची उलटण्याची सूचना पुन्हा वापरली असेल. तिने दोन्ही तपासलं आणि दोन्ही तसं नव्हतं. तरीही तिसरं काही कारण असणारच, एवढ्या समाधानावर तिने चित्रं पुढे पाठवली. संध्याकाळी सरांनी आनंदाने कळवलं की शेजारची वाट अधिक रुंद झाली आहे.

त्याच आठवड्यात तिच्या उजव्या हाताच्या बोटांना मुंग्या येऊ लागल्या. खुर्चीचा हात उंच आहे, असं ती गुणगुण्याला म्हणाली. त्याने खुर्ची खाली करून दिली.

५

घरात आता एक नवा आवाज होता. चहाच्या वेळी, भाजी चिरून झाल्यावर, वाचताना धाकटीचा उजवा हात टेबलावर पडलेला असे आणि बोटं एकामागून एक अंगठ्याला टेकत. टप, टप, टप, टप. तीस सेकंद. मग तीस सेकंद काही नाही. थोरलीने एकदा घड्याळ लावून पाहिलं, आणि नंतर पाहिलंच नसतं तर बरं, असं तिला वाटलं.

"बंद कर ते."

"काय?"

"बोटं."

धाकटीने हाताकडे पाहिलं, जणू तो दुसऱ्या कुणी टेबलावर विसरून गेलेला होता. "तूच तर शिकवलंस."

सदऱ्याची बटणं ती आता स्वतः लावत होती. एका सकाळी उलट थोरलीचंच एक बटण काजात जाईना. धाकटी बराच वेळ बघत राहिली, मग जवळ आली आणि तिने ते लावून दिलं. हात सफाईदार होते. माया नव्हती त्यांत. एखाद्या परक्या वस्तूची झाकणं लावावी तशी ती बटणं लावत गेली.

"तू माझ्या जागी झोपली होतीस ना?" शेवटचं बटण लावता लावता तिने विचारलं.

थोरलीने हे तिला कधी सांगितलं नव्हतं. "गुणगुण्या बोलला वाटतं."

"तो कशाला बोलेल? मला आठवतंय." धाकटीने कॉलर सारखी केली. "आत थंडी वाजत होती. पायात मोजे नव्हते. आणि तू माझी नक्कल करत होतीस."

"तुझ्यासाठीच केलं ते."

"हो का? मग सांग ना सरांना. औषध बंद करतील, सगळे डाग परत येतील. तुला तेच बरं वाटेल." ती पुन्हा टेबलाशी जाऊन बसली. "तुमचे सर म्हणतात ना, मेंदू शेजाऱ्याच्या अंगणातून जातो? अंगणवाल्याला विचारतं कोण, हे एकदा विचार त्यांना."

टेबलावर बोटं चालू झाली. थोरलीने आपला उजवा हात घट्ट मिटून खिशात घातला, कारण तो मिटलेलाच राहावा याची तिला आता खात्री उरली नव्हती.

६

सहाव्या महिन्याची तपासणी गुणगुण्याने केली, कॅप्सूलही त्यानेच उजवीकडे लावली. थोरली मागे उभी होती. रचनेचं पहिलं चित्र उमटलं आणि गुणगुण्याचा सूर मध्येच तुटला. एवढ्या वर्षांत ती खोली अशी गप्प झालेली तिने ऐकली नव्हती.

अकरा डागांपैकी दोन उरले होते. दिवा डावीकडे होता, आणि डाव्या अंगाला पाण्याची एक पुटकुळी होती, वाटाण्याएवढी.

"चुकून तुमचं पान उघडलं मी," तो म्हणाला. त्याने वर लिहिलेला क्रमांक वाचला. सतरा होता. काचेपलीकडे टेबलावर धाकटीचे पाय होते, मोजे घातलेले.

"तेल गळून त्या बाजूला गेलं असेल," तो पुन्हा म्हणाला.

"डोक्याच्या आत?"

त्याने पुन्हा गुणगुणायला सुरुवात केली, पण सूर यंत्राचा नव्हता, आणि तो त्याचाही नव्हता.

थोरली तडक सरांच्या खोलीत गेली. पहिल्या दिवशीची लबाडी तिने उभ्या उभ्या सांगून टाकली. सर ऐकत होते, पण डोळे पडद्यावरून हलत नव्हते.

"ताई, नऊ डाग गेलेत. तुम्ही मला कॅप्सूलचं काय सांगताय?"

"तो वाटाणा माझा आहे, सर."

"सख्ख्या बहिणींत असं साम्य आढळतं." त्यांची नजर मग तिच्या हाताकडे गेली. तो टेबलाच्या कडेवर होता आणि बोटं आत वळली होती. "हे कधीपासून?"

"तीन महिने."

"हा आजार एका घरात दोघांना होऊ शकतो, हे तुम्हाला मी सांगायचं का?" ते प्रथमच मऊ आवाजात बोलले. "उद्या सकाळी अकरा. तुमचीच तपासणी करू. चित्र दिसलं की मनातलं हे सगळं जाईल."

तिला ते पटलं. चित्रात वाटाणा जागेवर असेल, दिवा उजवीकडे असेल, आणि मग बाकीच्याला काही कारण सापडेल. आजारच असेल तर असो. आजार हे निदान कारण तरी होतं.

७

दुसऱ्या दिवशी अकराला ती टेबलावर आडवी झाली. धाकटी तिच्याबरोबर आली होती. नातेवाईकाने सोबत येण्याची पद्धतच होती. गुणगुण्याने डाव्या दंडात सुई टोचली.

"कॅप्सूल मी लावते," धाकटी म्हणाली. गुणगुण्याने थोरलीकडे पाहिलं. ती हसली, कारण नाही म्हणायला कारण नव्हतं. धाकटीने पट्टी फाडली, बोटभर, अगदी मापात, आणि भुवईच्या टोकापासून अंगठाभर मागे दाबून बसवली. उजव्या कानशिलावर.

"उजवं," ती म्हणाली.

मग तिने रबरी फुगा उचलला.

"डाव्या हातात दे," थोरली म्हणाली.

"डाव्या हाताला सुई आहे, ताई. नियम आहे ना?"

गुणगुण्याने मान डोलावली. नियम होताच. उजव्या तळहातावर फुगा ठेवला गेला. थोरलीने तो दाबून पाहिला. बोटं कशीबशी मिटली, काचेवरचा तांबडा दिवा लागला, आणि तिचा जीव भांड्यात पडला.

पिंजरा बंद झाला. टेबल आत सरकलं.

८

रचनेच्या चित्रांचा ठोका सुरू झाला. आरशात काच दिसत होती, काचेआड गुणगुण्याचं डोकं, आणि मागे भिंतीशी धाकटी. थोरली ठोके मोजत होती. या यंत्रातला प्रत्येक आवाज कशाचा, कोणता कधी थांबणार, हे तिला पाठ होतं, आणि त्या पाठांतरावर ती शांत होती.

सातव्या मिनिटाला गुणगुण्या पडद्याकडे झुकला. त्याने हात तोंडावर नेला. मग उठून दरवाज्याकडे गेला, बहुधा सरांना बोलवायला. जाताना त्याने एकदा काचेतून आत पाहिलं, पण तिच्या डोळ्यांकडे नव्हे, पायांकडे, आणि मग लगेच धाकटीकडे.

खुर्ची रिकामी झाली. धाकटी येऊन त्या खुर्चीत बसली. तिला खुर्चीची उंची बदलावी लागली नाही.

कानातल्या भोंग्यात खरखर झाली.

"उजव्या हाताची बोटं," आवाज म्हणाला. "अंगठ्याला एकेक टेकवा."

शब्द छापील होते. थोरलीने ते चौदा वर्षं उच्चारले होते, आणि ज्या पट्टीत, ज्या थांब्यांसह उच्चारले होते, त्याच पट्टीत ते तिला ऐकू आले. भोंगा आवाज बदलतो, तिने स्वतःला सांगितलं. सख्ख्या बहिणींत साम्य आढळतं.

तिने बोटं हलवली. हलली की नाही, ते कळलं नाही. आरशात धाकटी दिव्याच्या उजेडात पुढे झुकली, आणि तिच्या कानशिलावर पांढऱ्या पट्टीचा तुकडा दिसला. आज तिला कुणी पट्टी लावली नव्हती. ती उजवीकडे आहे की डावीकडे, हे ठरवण्याचा थोरलीने प्रयत्न केला. आरशात ते ठरवता येत नव्हतं.

तिने फुगा दाबला.

तांबडा दिवा लागला नाही. काचेआड टेबलावर धाकटीचा उजवा हात पडलेला होता. तो मिटला.

थोरली थांबली. तो हात उघडला.

योगायोग, ती म्हणाली. ओठ हलले का, तेही तिला समजलं नाही. तिने सगळा जीव बोटांत आणला आणि पुन्हा दाबलं. काचेआडची मूठ पुन्हा मिटली, या वेळी इतकी घट्ट, की हाडांची टोकं पांढरी दिसली. धाकटी त्या मुठीकडे बघत नव्हती. ती आरशात थेट थोरलीच्या डोळ्यांत पाहत होती, आणि तिच्या चेहऱ्यावर राग नव्हता. कामावर असताना प्रत्येक रुग्णाकडे पाहण्याचा एक सराईत, सौम्य चेहरा असतो. तो कसा दिसतो, हे थोरलीला प्रथमच समोरून दिसत होतं.

तिचे पाय टेबलावर घासले जाऊ लागले. नळीत थंडी होती. मोजे घालून ती आली होती, तरी पावलं उघडी पडल्यासारखी गार होती. ती दाबत राहिली. मूठ मिटत राहिली. दाराशी अजून कुणी आलं नव्हतं.

"हलू नकोस, धाकटे," भोंगा म्हणाला. "काही होत नाही."

मग नेमके तीस सेकंद भरले.

"छान. आता विश्रांती."